मावशीचा केक कोण खातं

मावशीचा संत्र्याचा केक हा त्या घरातला सगळ्यात वाईट पदार्थ होता आणि तारीफही त्याचीच सगळ्यात जास्त व्हायची.

महिन्यातून एका रविवारी मावशीकडे जेवण असायचं. धाकटी बहीण यायची, तिचा नवरा यायचा, त्यांची वकील झालेली लेक यायची. मावशी खरं तर त्या लेकीची मावशी. पण जिन्यातल्या शेजारणीपासून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत सगळेच तिला मावशी म्हणत, आणि तिलाही आता दुसऱ्या नावाने हाक मारली तर लवकर कळत नसे. तिने लग्न केलं नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खात्यात ती उभं आयुष्य फोनवर बसली. नळ कोरडा पडलाय, पाइप फुटलाय, तळघरात तळं झालंय, असं कोणी ओरडलं की तिने लोण्यासारख्या आवाजात म्हणायचं, "माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा तिच्या समोरच्याच खुर्चीत बसून चहा पीत असे.

त्यामुळे गोड खोटं कसं बोलतात याची तिच्याइतकी जाण कोणाला नव्हती. आवाज कुठे किंचित वर चढतो, श्वास कुठे चोरला जातो, सगळं तिला पाठ होतं.

केकचं प्रकरण सुरू झालं ती निवृत्त झाली तेव्हा. दिवस एकदम लांबलचक झाले. तिला आईच्या संत्र्याच्या केकची आठवण झाली. दोघी बहिणींच्या वाढदिवसाला आई तो करायची. सालीचा कीस बोटांनी साखरेत चोळायची आणि मग ती बोटं दोघींना चाटायला द्यायची. मावशीने मन लावून केक केला. पण सवय नव्हती, घाई झाली, बेकिंग पावडर घालायची राहिली आणि मीठ दोनदा पडलं. भट्टीतून बाहेर आला तो केक नव्हता, फरशी होती.

पहिल्याच घासाला तिला कळलं. "अगं बाई, फसला की!" असं ती म्हणणार, तोच धाकटी म्हणाली, "वा! ताई, अगदी आईसारखा!"

"आणि हलका किती झालाय," धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, सगळे त्याला चष्मेवालेच म्हणत. हे म्हणताना त्याची सुरी केकमध्ये अडकली होती आणि तो ती दोन्ही हातांनी उपसत होता.

"मावशी, तू दुकान टाक," भाची म्हणाली.

मावशीने ते ऐकलं आणि तिच्या कानाला ओळख पटली. माणूस निघालाय.

फसला म्हणाले असते तर तिने हसून टाकलं असतं. हलका म्हणाले, तेही चाललं असतं. पण अगदी आईसारखा? आईचा केक जिभेवर ठेवला की गिळायच्या आधी विरघळायचा. तो आणि ही फरशी एका पंगतीला? वरकरणी ती हसली, आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासताना स्वतःशीच म्हणाली, "बरं. बघू तरी कुठवर जातात."

पुढच्या महिन्यात तिने मुद्दाम बेकिंग पावडर घातली नाही.

"वा!"

त्याच्या पुढच्या महिन्यात लोणी अर्धं केलं. "वा वा!" मग संत्र्याच्या सालीखालचा कडू पांढरा भाग घातला. मग खालून जाळला. मग नुसत्या सालीच घातल्या, संत्रं घातलंच नाही. एकदा मिरी घातली. तारीफ केकच्या वाईटपणाबरोबर चढत गेली. केक जितका कडक, तितका तो मऊ. खोटं बोल पण रेटून बोल, ही म्हण या घराला बघूनच कोणीतरी केली असावी.

खाताना कोण काय करतं, हेही मावशीने हेरून ठेवलं होतं. चष्मेवाले शिंक आल्याचं सोंग करून रुमाल तोंडाला लावायचे, आणि रुमाल खिशात परत जाताना चांगला जाडजूड झालेला असायचा. भाचीच्या पर्समध्ये एक छोटा प्लास्टिकचा डबा होता. मावशी कॉफी आणायला वळली की 'टक्' असा झाकणाचा आवाज यायचा. फक्त धाकटी काय करते, ते तिला कधी सापडलं नाही. तिची बशी रिकामी व्हायची, पण रुमाल नाही, डबा नाही. धाकटीचा हात फारच साफ आहे, असं मावशी कौतुकाने मनात म्हणायची.

गंमत अशी की एव्हाना मावशीला खरा केक उत्तम यायला लागला होता. नासवायचा कसा हे नीट कळायचं तर मुळात जमतो कसा हे कळावं लागतं. अधल्यामधल्या दिवसांत ती तो करायची, खिडकीशी बसून एकटीच खायची. छान लागायचा. पण छान लागला हे सांगायला समोर कोणी नसायचं, आणि शेजारणीला द्यावा तर बातमी फुटली असती. मग उरलेला केक ती डब्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटीच खायची. खेळात हीच एक खोट होती, आणि ती कोणाला दाखवता येत नव्हती.

अशात भाचीचं लग्न झालं. जावई लिफ्टदुरुस्तीवाला. उंच, शांत, हातांना कायम ग्रीसचा वास. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी जिना चढतानाच भाचीने त्याला पढवलं होतं, "केक आला की 'वा' म्हणायचं. बाकी काही नाही."

"आणि वाईट असला तर?"

"वाईट असतोच. म्हणून तर म्हणायचं."

तो बरं म्हणाला होता. म्हणायचा त्याचा विचारही होता. पण त्या दिवशी मावशीने मिरीचा केक केला होता, तोही खालून जाळून. त्याने मोठा घास घेतला, चावला, थांबला. त्याच्या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडली होती: चालत नसलेल्या लिफ्टला चालते म्हणायचं नाही, नाहीतर माणसं खाली पडतात. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी वा म्हटलं, भाचीने वा म्हटलं, धाकटीने कण्हल्यासारखं वा म्हटलं, आणि जावई म्हणाला,

"मावशी, हा केक बिघडलाय."

टेबलाखाली धप्प असा आवाज झाला. भाचीची लाथ त्याच्या नडगीवर बसली होती.

"बिघडलाय?" मावशीने विचारलं. हसू दाबताना तिचा आवाज कापला, आणि सगळ्यांना वाटलं ती आता रडणार. "म्हणजे कसा?"

"खारट आहे. खालून जळलाय. आणि... यात मिरी आहे का?"

"आहे."

"का?"

इतका सरळ प्रश्न त्या टेबलावर आजवर कोणी विचारला नव्हता.

"अगं मावशी, याला सर्दी झालीये," भाची घाईघाईने म्हणाली. "चवच कळत नाहीये त्याला."

"मला सर्दी नाही."

"झालीये!" भाची म्हणाली.

धाकटी एका हाताने गाल धरून बसली होती, तिने दुसऱ्या हाताने जावयाची बशी स्वतःकडे ओढली. चष्मेवाले म्हणाले की हवा फार छान पडली आहे. मावशीने छातीवर हात ठेवला, खाली मान घातली आणि जमेल तितकी दुखावल्यासारखी दिसली. आत तिला उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई दारात हजर. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात फुलं, आणि चेहऱ्यावर बायकोने पाठवल्याची खूण.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "बोललो ते खरं होतं, पण बोलायला नको होतं."

मग त्याने हवा हुंगली. स्वयंपाकघरातून वास येत होता, गरम लोण्याचा आणि संत्र्याच्या सालीचा. टेबलावर जाळीवर एक केक निवत होता, मधोमध अलगद फुगलेला, कडांना सोनेरी.

मावशीने क्षणभर विचार केला. दार लोटून घेता आलं असतं. पण खरं बोलणारं माणूस कितीतरी वर्षांनी दारात आलं होतं. तिने एक तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो उभ्याउभ्याच खाल्ला. मग बसून दुसरा खाल्ला.

"हा कोणी केला?"

"मी."

"आणि कालचा?"

"तोही मीच."

जावई तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो असा हसत सुटला की त्याला अवजारांच्या पेटीचा आधार घ्यावा लागला. मग मावशीने त्याला सगळं सांगितलं: फरशी, 'अगदी आईसारखा', चष्मेवाल्यांचा रुमाल, त्याच्या बायकोचा डबा. 'टक्' हा आवाज तिने तोंडाने काढून दाखवला.

"पण आता खेळ संपला," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलून बसलात, जावईबापू."

"संपला कसा?" तो बोटं चाटत म्हणाला. "पुढच्या वेळी हा केक ठेवा. बघू, कोणाला कळतंय."

मावशीला हे आधीच कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. हा माणूस घरात यायला फार उशीर झाला होता.

पुढच्या जेवणाच्या रविवारी तिने आजवरचा सगळ्यात चांगला केक केला. मग त्याचं रूप बिघडवायच्या मागे लागली. वर काळपट साखरेचा थर दिला, कड सुरीने ओबडधोबड केली, आणि सगळे यायच्या आत पावाचा एक तुकडा तव्यावर कोळसा होईपर्यंत जाळला, म्हणजे घरभर नेहमीचा वास सुटावा. नेहमीप्रमाणे जेवण धाकटीनेच घरून करून आणलं होतं. मावशीच्या हाताला चव नाही हे ठरूनच गेलं होतं ना! सूप झालं, कोंबडी झाली, बटाटे झाले. केक आला.

"वा!" चष्मेवाले म्हणाले. सुरी अजून लागलीही नव्हती.

"रंग काय सुंदर आलाय," भाची म्हणाली.

धाकटीने मात्र हात जोडले. "ताई, आज मला नको गं. दाताच्या डॉक्टरने कडक काही खायचं नाही म्हणून सांगितलंय. माझा तुकडा घरी नेते हं, सवडीने खाईन." तिचा गाल खरंच सुजला होता. मावशी मनात म्हणाली, घ्या, आज हिने नवीन युक्ती काढली. तुकडा कागदात गुंडाळून दिला.

चष्मेवाल्यांना शिंक आली. 'टक्' झालं. कोणीही, अगदी कोणीही, एक कणसुद्धा तोंडात टाकला नाही. पृथ्वीवरचा त्या दिवशीचा बहुधा सगळ्यात चांगला केक एका खिशात आणि एका पर्समध्ये गेला, आणि वरून तारीफ चालूच. जावयाने मात्र शांतपणे दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. भाचीला भरून आलं. त्याच्या कानाशी लागून ती म्हणाली, "पुरे रे. एवढं प्रायश्चित्त नको."

मावशीला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. तिथे तिने फडका तोंडात कोंबला.

त्या संध्याकाळी घरी जाताना धाकटी दूध घ्यायला थांबली आणि चष्मेवाले नेहमीच्या कचराकुंडीपाशी गेले. खिशातून रुमाल काढला, झटकला. थोडा चुरा बोटाला चिकटला आणि त्यांनी सवयीने बोट चाटलं.

मग ते थबकले. कुंडीत डोकावले. केकचा मोठा तुकडा एका वर्तमानपत्रावर अगदी स्वच्छ पडला होता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वयाचा, अब्रूचा आणि भरल्या पोटाचा विचार केला. आणि भिंतीकडे तोंड करून तो तुकडा खाऊन टाकला.

सोमवारी दुपारी ते मावशीच्या दारात उभे.

"ताई, माझा चष्मा राहिला का हो इथे?"

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"बघते हं," मावशी म्हणाली. "तोवर केक खाणार?"

"थोडा," चष्मेवाले म्हणाले. थोडा म्हणजे किती, ते बशी तीनदा भरल्यावर कळलं. जाताना ते दारात घुटमळले. "ताई, हिला सांगू नका. काल मी केक खिशात घातला हे कळलं तर ती मला..."

"काल खिशात घातलात?" मावशीने डोळे विस्फारले.

"म्हणजे, घरी निवांत खायला!" चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. "आणि दुसरं असं, की सगळ्यांना कळलं तर मग उरणार नाही."

भाचीला कळलं ते कोर्टात. दोन सुनावण्यांच्या मध्ये पोटात कावळे ओरडत होते आणि पर्समध्ये तोच एक डबा होता. भुकेपुढे तत्त्व हरलं. संध्याकाळी ती फाईल काखेत मारून मावशीकडे आली.

"मावशी, तुझं मृत्युपत्र करून ठेवायला हवं."

"माझ्याकडे आहे काय?"

"तेच बघायला आलेय," भाची म्हणाली आणि तिची नजर कपाटावरच्या डब्यावर जाऊन बसली. तिनेही जाताना शपथ घातली: आईबाबांना सांगायचं नाही, आणि त्याला तर मुळीच नाही, मी त्याला लाथ मारलीये.

जावई तर उघडच यायचा. मावशीच्या इमारतीची लिफ्ट ठणठणीत होती, पण आजकाल तिची तपासणी फार वेळा व्हायला लागली.

मावशीचे दिवस पालटले. ती सकाळी उठायची तीच भट्टी तापवायला. दुपारी चष्मेवाले, संध्याकाळी भाची, मध्येच कधी जावई. एक गेला की दुसरा यायच्या आत बशा धुवायच्या, चुरा पुसायचा, चेहरा सरळ करायचा. चष्मेवाले खाताखाता तिला जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. भाची कोर्टातल्या नकला करायची. इतक्या वर्षांत रविवारच्या टेबलावर ही माणसं तिच्याशी हवेपलीकडे काही बोलली नव्हती, कारण सगळ्यांचं लक्ष केक लपवण्यात असायचं.

फक्त धाकटी आली नाही. तिला तर अख्खा तुकडा कागदात बांधून दिला होता. घरी जाताच टाकला असणार, न उघडता. मावशीला ते थोडं लागलं. मग ती स्वतःला म्हणायची, आपणच शिकवलं, आता कुरकुर कशाला.

एका दुपारी चष्मेवाले दुसरी बशी संपवत होते आणि बेल वाजली. वेळेआधीच. चष्मेवाले बशीसकट ताडकन उठले.

"कोण?"

"मावशी, मी गं! कोर्ट लवकर सुटलं!" बाहेरून भाचीचा आवाज.

चष्मेवाल्यांनी सामानाच्या खोलीचं दार उघडलं आणि झाडू, बादल्या, जुने पडदे यांच्यात जाऊन उभे राहिले. भाची आली, बसली, तिने बशी पुढे ओढली, पहिला घास घेतला आणि पुन्हा बेल वाजली.

"ताई! दार उघड गं!"

"आई!" भाची पुटपुटली, आणि बशी घेऊन थेट सामानाच्या खोलीकडे धावली. दार उघडलं. बाप आणि लेक समोरासमोर आले, दोघांच्या हातात बशा, बापाच्या मिशीला चुरा. चष्मेवाल्यांनी सरकून जागा करून दिली. दार लागलं.

मावशीने बाहेरचं दार उघडलं. धाकटी रडत होती. तिच्यामागे जावई उभा होता. "लिफ्टमध्ये भेटल्या," तो म्हणाला. "मी खाली थांबतो." मावशीकडे बघून त्याने भुवया उडवल्या आणि तो निघून गेला.

"ठमे, काय झालं?" मावशीने तिला खुर्चीत बसवलं. लहानपणापासून ती तिला ठमीच म्हणायची.

"ताई, यांचं बाहेर काहीतरी आहे."

सामानाच्या खोलीत एक बादली वाजली.

"मांजर असेल," मावशी म्हणाली. "तू बोल."

"रोज दुपारी दुकान बंद करतात. केस विंचरून जातात, ताई! आहेत किती ते केस, पण विंचरतात. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणतात, मालाचं बघायला. आणि परत येतात ते गालातल्या गालात हसत. रात्री जेवत नाहीत. म्हणतात, भूक नाही." तिने नाक पुसलं. "आणि अंगाला वास येतो. अत्तराचा."

"कसल्या अत्तराचा?"

"संत्र्याच्या."

मावशीने ओठ चावला. हसू घशापर्यंत आलं होतं. पण धाकटीचे डोळे खरंच रडून रडून सुजले होते, गालावरची सूज अजून उतरली नव्हती, आणि ते हसू तिथेच अडकलं. खेळाची ही बाजू तिने हिशेबात धरलीच नव्हती.

"ठमे," ती म्हणाली, "ती बाई मला माहीत आहे."

"काय?"

"मीच ती." आणि मावशीने सामानाच्या खोलीचं दार उघडलं.

धाकटीने पाहिलं. झाडूच्या शेजारी नवरा, पडद्यांच्या गुंडाळीला टेकून लेक. दोघांच्या हातात बशा. लेकीच्या तोंडात घास होता आणि तो आता गिळावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"चष्मा शोधत होतो," चष्मेवाले म्हणाले.

धाकटी उठली, नवऱ्याच्या बशीतला तुकडा उचलला आणि दुखऱ्या दाढेला वळसा घालून दुसऱ्या बाजूने खाल्ला. घास विरघळायच्या आधी तिच्या चेहऱ्यावरचा राग विरघळला.

"हा आईचा केक आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुला येतो."

"येतो."

"कधीपासून?"

मग मावशीने सगळं सांगितलं. सांगताना तिला पुन्हा मजा यायला लागली; मिरीपाशी ती हसली, सालींपाशी भाची हसली, स्वतःचा रुमाल ऐकून चष्मेवालेही खोखो हसले. धाकटी हसली नाही.

"मी खाल्ला," ती म्हणाली.

"काय खाल्लास?"

"तुझा केक. दर वेळी. सगळा." ती खुर्चीत बसली. "हे काय करतात, ही काय करते, मला माहीत होतं. मला वाटलं, निदान मी तरी खावा. तू नोकरी सोडलीस, घरात एकटी. मला वाटायचं, हिला आईची आठवण येते, जमत नाही तरी करते बिचारी. मिरीसुद्धा खाल्ली मी, ताई. त्या दिवशी ह्या पोराची बशी ओढली ना, ती पण मीच संपवली. दाढ तर आधीच तुटली होती माझी, त्याच केकच्या पहिल्या घासाला."

मावशीचा हात टेबलावर तसाच राहिला. रिकामी बशी ती हातचलाखी समजत होती. तिथे हातचलाखी नव्हतीच. ती बशी खरोखर खाऊन रिकामी व्हायची.

"आणि कागदातला?" तिने शेवटी विचारलं.

"ठेवलाय. दाढ बरी झाली की खाणार होते."

"चुकलं माझं, ठमे," मावशी म्हणाली. आवाज वर चढला नाही, श्वास चोरला गेला नाही.

चष्मेवाले भिंतीकडे बघत होते. भाचीने बशी हळूच खाली ठेवली. धाकटीने डोळे पुसले, पदराने नाही, टेबलावरच्या फडक्याने, चांगले खसखसून. मग तो फडका तिने कमरेला बांधला.

"भट्टी तापव," ती म्हणाली.

"कशाला?"

"तो केक करायचाय. तो. आपण दोघी मिळून. आणि खायचा तू."

मावशीने मैदा काढला, अंडी फोडली. लोण्याला हात घातला तर धाकटीने तो बाजूला सारला. "लोणी कशाला?" मिठाचा डबा तिने स्वतः घेतला आणि ओतता ओतता मावशीकडे बघत राहिली, बास म्हणते का ते पाहायला. मावशी म्हणाली नाही. मिरी आली. सालीखालचं पांढरं आलं. मग धाकटीने कपाटं उघडून पाहिली आणि मोहरीची बाटली काढली.

"ठमे, मोहरी मी कधी घातली नव्हती!"

"तुझी हिंमत कमी पडली."

कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. धाकटी टेबलाला धरून वाकली, मावशीच्या नाकाला मैदा लागला होता, आणि दोघी लहान मुलींसारख्या फिदीफिदी हसत सुटल्या. हसताना धाकटीची दाढ दुखली, तिने आई गं म्हणून गाल धरला आणि पुन्हा हसली. आवाज ऐकून जावई वर आला. भाची त्याच्याकडे गेली, नडगीकडे बघत म्हणाली, "दुखली का रे खूप?" तो म्हणाला, "हो." खरंच दुखली होती.

केक झाला. खालून जळला, वरून कच्चा राहिला. धाकटीने जाडसा तुकडा कापून मावशीपुढे ठेवला. सगळे भोवती उभे राहिले. मावशीने घास घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कसा आहे?" धाकटीने विचारलं.

"भयंकर."

"आणखी घे."

तिने घेतला. अर्धा संपवल्यावर धाकटीने बशी ओढून घेतली, स्वतः एक कोपरा मोडून चघळला, जाणकारासारखी छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही. सालींचा याहून वाईट होता."

"सालींचा? मला वाटतं, कडू पांढऱ्याचा."

"कडू पांढरा बरा होता गं. त्याच्यामागून पाणी प्यायलं की जायचा. सालींचा दोन दिवस जायचा नाही."

"मला विचाराल तर मिरीचा..." चष्मेवाल्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा," धाकटी म्हणाली. "तुम्ही खाल्लाय कुठे?"

भांडी त्या दिवशी बाप-लेकीने घासली. बहिणी खिडकीशी बसून कुठला केक किती वाईट होता यावर वाद घालत राहिल्या, आणि जावई मध्ये बसून दोघींना अधूनमधून 'का?' असं विचारत राहिला. संध्याकाळी निघताना मावशीने चांगल्या केकचा अख्खा डबा धाकटीच्या हातात दिला. बसमध्ये ती तो मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हात झाकणावर. चष्मेवाल्यांनी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा तिने खिडकीबाहेर बघत डबा दुसऱ्या बाजूला सरकवला.